एग डोनेशन करताना शरीराला नेमकं काय काय होतं? अनुभव असलेल्यांनी सांगा प्लीज

मोगरी_२७

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसती वाचते इथे, लिहायची पहिलीच वेळ. मी एग डोनेशन, म्हणजे आपली स्त्रीबीजं दुसऱ्या बाईला देणं, करायचं ठरवलंय. का आणि कुणासाठी हे इथे नको, तो विचार करून झालाय, घरात बोलून झालंय, काउन्सेलिंगच्या दोन बैठकाही झाल्या. माझा प्रश्न फक्त शरीराचा आहे.

वय २७, चार वर्षांची मुलगी आहे, नॉर्मल डिलिव्हरी, पाळी नियमित. रक्ताच्या तपासण्या झाल्या, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी वगैरे सगळं क्लिअर. एएमएच (बीजं किती शिल्लक आहेत याचा अंदाज देणारं हार्मोन) "छान आहे" म्हणाले. सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम दोन्ही बाजूंचे छोटे फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं त्या पिशव्या, मोजत मोजत २६ पर्यंत गेल्या. पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं सुरू.

सेंटरवर समजावलं, कागद दिले, सही घेतली. पण मी काहीही विचारलं की उत्तर एकच, "थोडं डिस्कम्फर्ट होतं, दोन दिवसांत बरं वाटतं." थोडं म्हणजे किती? कुठे? कुणाच्या मानाने थोडं? इंजेक्शन स्वतः टोचायचं म्हणतात ते जमतं का, पोट किती फुगतं, माझं काम दिवसभर उभं राहायचं आहे तर किती दिवस सुट्टी टाकू, मुलीला उचलता येईल का, भूल पूर्ण देतात का. आणि आई रोज विचारते की तुझी बीजं संपली तर? पाळी लवकर गेली तर? तिला काय सांगू ते पण सांगा.


सावनी_क

मोगरी, मी दोनदा दिलीयेत, पहिल्यांदा पंचविसाव्या वर्षी आणि मग दीड वर्षाने परत. तुझं वाचून मला माझे ते दिवस आठवले, मी पण अशीच रात्री जागून शोधत बसायचे आणि सगळीकडे तोच एक शब्द. जसं आठवेल तसं सांगते, लांब होईल.

सुईचं आधी. इन्सुलिनला असते तसली बारीक सुई असते. बेंबीपासून दोन-तीन बोटं बाजूला कातडी चिमटीत धरायची आणि टोचायचं. पहिल्या दिवशी मी पेन हातात घेऊन वीस मिनिटं नुसती उभी होते, नवरा बाहेरून विचारतोय झालं का, झालं का, आणि शेवटी टोचलं तेव्हा आत गेलेलं कळलंसुद्धा नाही. एक इंजेक्शन पावडर पाण्यात मिसळून घ्यायचं होतं, ते मात्र जाताना चुरचुरायचं, अर्धा मिनिट आगआग. आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून अजून एक वाढवलं, बीजं वेळेआधी फुटून जाऊ नयेत म्हणून असतं ते, त्याने टोचल्या जागी लाल गांधी उठायची आणि खाजायचं, तासाभरात जायचं. जागा रोज बदल, एक दिवस डावीकडे एक दिवस उजवीकडे, तरी शेवटी शेवटी एक-दोन निळे डाग पडतातच.

पहिले चार दिवस मला काहीच वाटलं नाही, मला तर शंका यायला लागली की औषध लागू पडतंय की नाही. पाचव्या दिवसापासून ओटीपोटात जडपणा. दुखणं नाही म्हणणार मी त्याला, पाळीच्या आदल्या दिवशी कसं खाली ओढल्यासारखं होतं तसं. मग आठव्या-नवव्या दिवशी जीन्सचं बटण लागेना, खुर्चीत पटकन बसलं की आत काहीतरी हललं असं वाटायचं, गाडी खड्ड्यातून गेली की पोटावर हात जायचा आपोआप. छाती हुळहुळी, डोकं जड. आणि अंगावरून खूप जातं, पारदर्शक, चिकट, एवढं की मी घाबरून फोन केला होता. ते नॉर्मल आहे, इस्ट्रोजेन वाढल्यामुळे होतं, वास नाही खाज नाही तर काळजी नको.

सोनोग्राफी आतून, दर दोन-तीन दिवसांनी, शेवटी शेवटी रोज. सुरुवातीला काहीच नाही, पण शेवटच्या दोन वेळा ओव्हऱ्या (अंडाशय) मोठ्या झालेल्या असतात तर प्रोब टेकला तरी दुखतं. "हळू करा" असं सरळ सांग गं, मी पहिल्या वेळी ओठ आवळून पडून राहिले होते, दुसऱ्या वेळी सांगितलं तर लगेच हळू केलं.

ट्रिगर, म्हणजे बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, त्याची वेळ मात्र घड्याळ लावून पाळायची, साडेदहा म्हणजे साडेदहाच, कारण पिकअप, म्हणजे बीजं बाहेर काढणं, त्यानंतर साधारण ३५-३६ तासांनी धरलेलं असतं.

पिकअपला रात्रीपासून उपाशी, पाणी पण नाही. सलाईन लावलं, भुलीचं औषध हातातून गार गार वर चढलं आणि पुढचं मला काही आठवत नाही. वीस मिनिटांचं काम असतं म्हणे. योनीमार्गातूनच सुई जाते, सोनोग्राफीत बघत बघत एकेक फॉलिकल रिकामं करतात, त्यामुळे पोटावर कुठे चिरा नाही की टाका नाही. जाग आली तेव्हा थंडी वाजत होती आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशीसारख्या कळा येत होत्या. थोडं रक्त. तीन तासांनी घरी.

आता जे मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं ते. पिकअपचा दिवस सोपा गेला. त्रास झाला तो दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशी. माझी समजूत अशी की बीजं काढली म्हणजे पोट रिकामं झालं, आता उतरणार. उलट अजून फुगलं. गॅस, पोट साफ नाही, चालताना वाकून चालायचे, कुशीवर वळताना पोट हाताने धरून वळायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कारण नसताना तासभर रडले, नंतर कळलं की हार्मोन एकदम खाली येतात. सातव्या दिवशी पाळी आली, नेहमीपेक्षा जास्त आणि गाठी गाठी, आणि मग दोन दिवसांत पोट जागेवर. पहिल्या वेळी १४ बीजं मिळाली, दुसऱ्या वेळी १९, आणि तेवढ्या फरकाने पण त्रासात फरक पडला बरं का.

सुट्टी किती, तर पिकअपचा दिवस धरून चार दिवस तरी टाक. उभं काम असेल तर पाच.


सिस्टर_वसुधा

मी बारा वर्षं आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नर्स म्हणून काम केलंय, आता दुसऱ्या विभागात आहे. सावनीने अगदी खरं खरं लिहिलंय. मी तिने न लिहिलेलं सांगते.

आधी आईंचा प्रश्न, कारण तो प्रत्येक मुलीची आई विचारते आणि विचारायलाच हवा. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या दोन्ही ओव्हऱ्यांत मिळून १० ते २० लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात, आणि सगळ्या आयुष्यात पाळीच्या चक्रात प्रत्यक्ष फुटतात ती ४०० च्या आसपास. बाकीची कुठे जातात? आपोआप विरून जातात. दर महिन्याला फॉलिकलांचा एक घोळका पुढे येतो, त्यातलं एक मोठं होतं आणि उरलेली सुकतात, कारण मेंदूकडून येणारं एफएसएच हे हार्मोन तेवढ्यांना पुरत नाही. इंजेक्शनात तेच एफएसएच असतं. ते बाहेरून जास्त दिलं की त्या महिन्यात सुकणार होती ती पण वाढतात. म्हणजे पुढच्या वर्षाच्या शिलकीतलं काही काढून घेत नाही आपण, या महिन्यात वाया जाणारंच घेतो. आईंना हे असंच सांग. पाळी त्यामुळे लवकर जात नाही.

आता तुझ्याबद्दल. २६ फॉलिकल, वय २७ आणि एएमएच "छान". हे बीजं मिळायच्या दृष्टीने छान आहे, पण तुझ्या पोटाच्या दृष्टीने जरा जपून राहायला लावणारं आहे. ज्यांचं एएमएच जास्त, फॉलिकल जास्त, किंवा पीसीओएस (ओव्हरीत खूप लहान फॉलिकल साचतात तो हार्मोनचा त्रास) आहे त्यांची ओव्हरी औषधाला जोरात प्रतिसाद देते. त्यातून ओएचएसएस होऊ शकतं, म्हणजे ओव्हरी अतिउत्तेजित होणं. रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तातलं पाणी पोटात साचतं, त्यामुळे पोट ताणतं आणि तिकडे रक्त घट्ट होतं, लघवी कमी होते. सौम्य स्वरूपात पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप उतरतं. गंभीर होणाऱ्या थोड्या असतात, पण ते गंभीर म्हणजे खरोखर गंभीर.

म्हणून इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांना एक प्रश्न विचार, ट्रिगर कोणता देणार? दोन प्रकार असतात. एक एचसीजी नावाच्या हार्मोनचं, ते शरीरात बरेच दिवस टिकतं आणि ओव्हरीला चेतवत राहतं. दुसरं जीएनआरएच अ‍ॅगोनिस्टचं, ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन, त्याने तुझ्याच शरीरातलं एलएच, म्हणजे बीज सोडायला लावणारं हार्मोन, एकदम वर येतं आणि लगेच उतरतं. त्याने ओएचएसएसचा धोका खूपच कमी होतो. ज्या बाईला स्वतःच्याच गर्भाशयात त्याच महिन्यात गर्भ ठेवायचा असतो तिच्यासाठी या ट्रिगरचे काही तोटे आहेत, पण डोनरला गर्भ ठेवायचाच नसतो, तर तिला तो तोटा लागूच नाही. त्यामुळे डोनरला, त्यातून २६ फॉलिकलवाल्या डोनरला, अ‍ॅगोनिस्ट ट्रिगर का नाही हे विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे.

मुलीला उचलायचं: आठव्या दिवसापासून नको, आणि पिकअपनंतर पाळी येऊन जाईपर्यंत नको. ओव्हरी एरवी ३-४ सेंटीमीटरची असते, ती तेव्हा दुप्पट-तिप्पट झालेली असते आणि जड झाली की स्वतःच्या देठाभोवती पीळ खाऊ शकते. पळणं, उड्या, जोरात वळणं, वजन उचलणं हे त्यासाठी बंद. एका बाजूला अचानक चाकूसारखी कळ आली आणि सोबत उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी दवाखाना. पीळ वेळेत सोडवला तर ओव्हरी वाचते.

अजून एक, लाजू नका. इंजेक्शनं सुरू असताना आणि पिकअपनंतर पाळी येईपर्यंत संबंध टाळायचे. फॉलिकल रिकामे करताना एखादं बीज मागे राहू शकतं, गर्भनिरोधक गोळ्या तर बंदच असतात, आणि त्या वेळी दिवस राहिले तर ओएचएसएस जास्त दिवस चालतं आणि जास्त वाईट होतं.

दुखण्यावर पॅरासिटामॉल. बाकीच्या गोळ्या मनाने घेऊ नकोस, तुझ्या डॉक्टरांना विचारूनच.


रानजाई

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं माझं. मोगरी, तुला घाबरवायचं नाहीये, पण मला ओएचएसएस झालं होतं आणि मी चार दिवस ॲडमिट होते, तर ते कसं सुरू झालं ते तुला माहीत असावं असं वाटतं.

वय २४, सडपातळ, फॉलिकल खूप. ट्रिगर एचसीजीचं होतं, मला तेव्हा दोन प्रकार असतात हेच माहीत नव्हतं. पिकअपला २८ बीजं मिळाली, सगळे खूश, मी पण खूश. घरी आले. पहिला दिवस बरा. दुसऱ्या दिवशी पोट गच्च. तिसऱ्या दिवशी सकाळी वजन केलं तर दोन दिवसांत तीन किलो वाढलेलं आणि मी तर धड जेवले पण नव्हते. लघवी दिवसभरात दोनदा, तीही गडद. रात्री आडवं झाले की श्वास पुरेना, तीन उशा लावून बसून झोपले.

आणि एवढं सगळं होऊन मी कुणालाच सांगितलं नाही. कारण माझ्या डोक्यात तोच शब्द बसला होता. मला वाटलं हेच ते डिस्कम्फर्ट. दोन दिवसांत बरं वाटेल म्हणाले होते ना, मग आपणच नाजूक असू. चौथ्या दिवशी बहिणीने मला जिन्यात धापा टाकताना बघितलं आणि तिने सेंटरला फोन लावला, तो रात्री कुणी उचलला नाही, मग तिने सरळ हॉस्पिटलमध्ये नेलं. पोटात पाणी झालं होतं. सुई घालून दोन लिटरच्या वर काढलं. सलाईन, रोज वजन, रोज पोटाला टेप लावून माप, लघवी मोजून, आणि रक्त घट्ट झालेलं म्हणून गुठळी होऊ नये याचं इंजेक्शन रोज पोटात. पाणी काढल्यावर पहिला श्वास घेतला तो मला अजून आठवतो.

पूर्ण बरी झाले. तीन आठवड्यांत कामावर. पुढे दोन वर्षांनी मला मुलगा झाला, काही अडचण आली नाही. देण्याचा मला पश्चात्ताप नाही, सांगितलं नाही याचा आहे.

तू फोन नंबर घे. रात्री कोण उचलणार त्याचा. आणि एकदा लावून बघ आधीच.


सिस्टर_वसुधा

रानजाई, लिहिलंस ते फार बरं केलंस. डोनर मुली सांगत नाहीत हा माझा पण अनुभव. ज्या बाईला मूल हवं असतं ती शंभर वेळा फोन करते, डोनर करत नाही, तिला वाटतं माझं काम झालं, मी काय पेशंट थोडीच आहे. पिकअपनंतर पाळी येईपर्यंत तू पेशंटच आहेस.

मोगरी, एक वही कर. इंजेक्शन सुरू व्हायच्या दिवशी सकाळी उठल्यावर लघवी करून वजन आणि बेंबीपाशी पोटाचा घेर लिही. मग पिकअपच्या आदल्या दिवसापासून रोज, त्याच वेळी, त्याच कपड्यात. एका दिवसात एक किलोच्या वर वाढलं, लघवी कमी झाली, आडवं पडल्यावर दम लागायला लागला, पाणीही पोटात टिकत नाही, एका पायाला सूज आली आणि दुखायला लागला, यातलं एक जरी झालं तरी फोन. ताप ३८ सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइटच्या) वर गेला किंवा तासाला एक पॅड भरायला लागलं तरी फोन, ते ओएचएसएस नव्हे, आत जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव असू शकतो, क्वचित होतो पण होतो.

पाणी तहान लागेल तसं पी, पण नुसतं साधं पाणी ढोसत बसण्यापेक्षा ओआरएससारखं क्षार असलेलं बरं. खाण्यात प्रोटीन ठेव. पोट साफ व्हायचं सौम्य औषध आधीच लिहून घे, बद्धकोष्ठतेने अर्धा त्रास वाढतो.


कृतिका_ज

माझं अगदी साधं झालं, ११ बीजं, तिसऱ्या दिवशी कामावर. हे पण लिहायला हवं ना, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सगळ्यांनाच होतं. माझा जास्त त्रास भुलीनंतरची मळमळ हाच होता, दोनदा उलटी झाली आणि मग संध्याकाळी बरी. सलाईनच्या जागी हात आठवडाभर दुखत होता. एक टीप, पिकअपला जाताना नाडीचे सैल कपडे घालून जा, येताना इलॅस्टिक पण नको वाटतं.


सोबत_असणारा

मी पुरुष आहे, चालेल ना लिहिलं तर? माझ्या बायकोने दिलं होतं तेव्हा मी सोबत होतो. सोबत येणाऱ्या माणसाला कुणी काही सांगत नाही, मला फक्त "गाडी तुम्ही चालवा, आज त्यांना चालवू देऊ नका" एवढंच सांगितलं. भुलीच्या गुंगीत ती ओटीतल्या बाईंनी सांगितलेलं सगळं "हो हो" म्हणाली आणि घरी आल्यावर तिला एक अक्षर आठवत नव्हतं. त्यामुळे निघायच्या आधीच्या सूचना सोबतच्या माणसाने ऐकायच्या आणि लिहून घ्यायच्या. आणि ती रात्र तिला एकटीला ठेवू नये. माझी बायको रात्री बाथरूमला उठली तेव्हा चक्कर आली होती, मी होतो म्हणून धरली.


मोगरी_२७

किती लिहिलंत सगळ्यांनी. रानजाई, तुझं वाचून आधी पोटात गोळा आला आणि मग जरा शांत वाटलं, कारण आता निदान काय बघायचं ते कळलं. आईला सिस्टरताईंचं वाचून दाखवलं. ती म्हणाली "म्हणजे सुकून जाणारीच घेतात होय" आणि मग काही बोलली नाही.

आज डॉक्टरांना ट्रिगरचं विचारलं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या की तुमच्या फॉलिकलच्या आकड्याला अ‍ॅगोनिस्टच देणार आहोत, डोस पण कमी ठेवणार, आणि गरज वाटली तर पिकअपनंतर ओएचएसएस टाळायला कॅबरगोलिनची गोळी आठवडाभर. हे सगळं ठरलेलं होतं तर मला आधी का नाही सांगितलं कुणी?

अजून एकच विचारते. पुढे वर्षांनंतर काही होतं का? कॅन्सर वगैरे ऐकलंय.


सिस्टर_वसुधा

आयव्हीएफसाठी हीच औषधं घेतलेल्या बायकांवर मोठे अभ्यास झालेत, आणि ब्रेस्ट कॅन्सरच्या बाबतीत ते दिलासा देणारे आहेत. पण ते अभ्यास मुख्यतः उपचार घेणाऱ्या बायकांचे, डोनर मुलींचा वीस-तीस वर्षं पाठपुरावा फार कमी ठिकाणी झालाय. डोनरची नोंद ठेवून नंतर तिला कुणी विचारतच नाही, हे मला इतकी वर्षं खटकत आलंय. म्हणून पुन्हा पुन्हा करू नये. अमेरिकेतली प्रजननतज्ज्ञांची संस्था एएसआरएम एका बाईने सहापेक्षा जास्त वेळा करू नये असं सांगते, काही देशांचे नियम त्याहून कडक आहेत. घरात आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर लहान वयात झालेला असेल तर ते फॉर्मवर नुसती खूण करून सोडू नकोस, तोंडाने सांग.

आणि तुझे सगळे रिपोर्ट, कोणतं औषध किती डोस, किती बीजं निघाली, याची प्रत स्वतःजवळ ठेव. पुढे तुझ्या स्वतःच्या दुसऱ्या बाळाच्या वेळी डॉक्टरांना उपयोगी पडेल.


मोगरी_२७

झालं. आज पिकअपनंतरचा नववा दिवस. सांगून टाकते म्हणजे पुढे कुणी शोधत आलं तर सापडेल.

इंजेक्शनं १० दिवस. सावनी, तू म्हणालीस तसं पाचव्या दिवसापर्यंत काहीच नाही, आणि मग एकदम. नवव्या दिवशी कामावर चार तासांच्या वर उभं राहवेना, मी अर्ध्या दिवसाने घरी आले, ते दोन दिवस सुट्टीत धरले नव्हते, धरायला हवे होते. मुलीला आधीच सांगून ठेवलं होतं की आईच्या पोटाला बरं नाही, तर ती उचल म्हणायची नाही, शेजारी येऊन टेकून बसायची.

१७ बीजं. जाग आली तेव्हा मी विचारलं "सुरू कधी करणार". कळा होत्या पण पॅरासिटामॉलने गेल्या. रात्री आई माझ्याजवळ झोपली.

दुसऱ्या दिवशी वजन ७०० ग्रॅम वाढलं, घेर ३ सेंटीमीटर. तिसऱ्या दिवशी अजून ४०० ग्रॅम. एका दिवसात एक किलोच्या आत होतं तरी मी फोन केला, रात्री पावणेनऊला, आणि उचलला गेला. (आधी एकदा लावून बघितला होता, रानजाई.) त्यांनी लघवीचं विचारलं, दम लागतो का विचारलं, आडवी झोपता येतंय का विचारलं, सगळं ठीक होतं तरी सकाळी बोलावून सोनोग्राफी केली. ओव्हऱ्या साडेसात आणि आठ सेंटीमीटर, पोटात किंचित पाणी, काही करायला नको म्हणाले, कॅबरगोलिनची गोळी चालू ठेवा. चौथ्या दिवशी रात्री मी पण रडले, सावनीने लिहिलं नसतं तर मला वाटलं असतं की मला पश्चात्ताप होतोय. सकाळी उठले तर काही नव्हतं.

पाचव्या दिवशी वजन उतरायला लागलं, सहाव्या दिवशी पाळी आली, खूप आली, पहिले दोन दिवस दर तीन तासांनी पॅड. काल थांबली. आज सकाळी वहीत लिहिलेलं वजन सुरुवातीच्या वजनाएवढं, घेर अजून १ सेंटीमीटर जास्त. डॉक्टर म्हणाल्या मुलीला परवापासून उचलायला हरकत नाही.


रानजाई

फोन लावलास ते वाचून फार बरं वाटलं गं. पोटाचा उरलेला तो १ सेंटीमीटर पण जाईल आठवड्यात, माझा गेला होता.